जंजिऱ्याचा किनारा : गाडी जाताना भरलेली, येताना रिकामी का?

हडपसर, कोंढवा आणि कॅम्प या भागांतून रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर माल घेऊन जाणारे व्यापारी बांधव आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. कुणी लुंग्या आणि चादरी नेतो, कुणी चपला, कुणी भांडी. ताम्हिणी घाट उतरताना गाडी भरलेली असते आणि चढताना बहुधा रिकामी असते. शनिवार-रविवारी त्याच रस्त्याने मगरपट्टा आणि खराडीची नोकरदार मंडळी सहलीला जातात. तीही किल्ला पाहतात, समुद्रात पाय भिजवतात, मासळी खातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. आमच्या मते हे दोन्ही रिकामेपण एकाच कारणाने आहे. किनाऱ्यावर माल नाही असे मुळीच नाही. तेथला माल दुकानात मांडलेला नाही, आणि आपण घाटावरचे व्यापारी तो उचलण्याची तसदी घेत नाही.

कापडाच्या धंद्यानिमित्त गेली वीस-पंचवीस वर्षे आम्ही या भागात फिरतो. तेथे पाहण्यासारखे काय आहे, दस्तरखानावर काय येते, लोकांच्या हातात कोणता हुनर आहे आणि त्यातून आपला व त्यांचा धंदा कसा वाढेल, हे आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घाट उतरल्यावर

हडपसरहून निघाल्यावर पुणे शहर ओलांडून चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव असा रस्ता आहे. माणगावहून म्हसळा आणि पुढे श्रीवर्धन. एकूण अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. पहाटे निघालेला माणूस सकाळच्या बाजाराला श्रीवर्धनात पोहोचतो.

श्रीवर्धन हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव. त्यांच्या काळी हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींच्या अमलाखाली होता. गावाला लांब, स्वच्छ समुद्रकिनारा आहे. दक्षिणेला हरिहरेश्वर हे हिंदू बांधवांचे तीर्थक्षेत्र आहे आणि उत्तरेला दिवेआगर. परंतु व्यापाऱ्याची नजर प्रथम वाड्यांवर जाते. वाडी म्हणजे नारळ, पोफळी आणि मसाल्याच्या झाडांची बाग. येथली सुपारी 'श्रीवर्धनी रोठा' या नावाने बाजारात ओळखली जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही येथेच आहे.

या वाड्यांवर ३ जून २०२० रोजी फार मोठे संकट कोसळले. निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले आणि बापजाद्यांनी लावलेल्या पोफळी व माड काही तासांत आडवे झाले. भाताचे पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा येते. पोफळीचे तसे नाही. रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्नाला त्याहून अधिक. म्हणजे वादळानंतर लावलेल्या रोपांची फळ धरायची वेळ आता कुठे येत आहे. मधल्या काळात अनेक घरे परदेशातून येणाऱ्या पैशावर तगली.

सुपारीबाबत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी ही कर्करोग करणारी वस्तू ठरवली. त्यामुळे एकट्या सुपारीवर सात-आठ वर्षांचा जुगार खेळणे शहाणपणाचे नाही. पोफळीची गळून पडणारी विरी मात्र दरवर्षी फुकट मिळते. ती धुऊन, भिजवून, तापलेल्या साच्यात दाबली की ताट आणि वाटी तयार होते. प्लास्टिकच्या पत्रावळीवर बंदी आल्यापासून पुण्याच्या मंगल कार्यालयांत अशा ताटांना मागणी आहे. पण आपल्याकडे येणारी बरीच ताटे कर्नाटकातली असतात, आणि दोनशे किलोमीटरच्या आतली विरी चुलीत जळते.

दिवेआगरने काय केले

दिवेआगरला १९९७ साली एका वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि गावाकडे पाहुण्यांची रीघ लागली. गावकऱ्यांनी मोठ्या हॉटेलवाल्यांची वाट पाहिली नाही. वाडीतल्याच दोन खोल्या साफ केल्या, संडास-न्हाणी बांधली आणि घरातल्या बायकांनी उकडीचे मोदक, सोलकढी, आमटी-भात असे घरचे जेवण पैसे घेऊन वाढायला सुरुवात केली. २०१२ साली ती मूर्ती चोरीला गेली, दोन पहारेकऱ्यांचे प्राणही गेले. पुढे २०२१ साली मूर्तीची पुन्हा स्थापना झाली. मधल्या नऊ वर्षांतही पाहुणे येतच राहिले, कारण तोपर्यंत त्यांना त्या घरांची आणि त्या जेवणाची सवय झाली होती.

तेथून जवळच बोर्ली पंचतन, दिघी आणि थोडे अलीकडे म्हसळा. या गावांत आपल्या कोकणी मुसलमान बांधवांची मोठी वस्ती आहे. घरे प्रशस्त आहेत आणि कित्येक घरे वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात, कारण मुले आखाती देशांत, कुणी लंडनला, कुणी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला. पाहुणा गल्लीतून पुढे जातो. त्याला या घरांत काय शिजते याची कल्पनाही नसते.

दस्तरखान

आम्हा घाटावरच्या लोकांना मुसलमानी जेवण म्हटले की बिर्याणी, कोर्मा आणि शीग कबाब आठवतात. कोकणचे दस्तरखान निराळे आहे. त्याचा पाया तांदूळ, नारळ आणि मासळी. सकाळी पातळ, जाळीदार घावणे. दुपारी तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले माशाचे कालवण. सणाला सांदण. हिंदू घरांत फणसाच्या रसाचे सांदण करतात. कोकणी मुसलमान घरांतले सांदण आंबवलेल्या तांदळाच्या रव्याचे, नारळाच्या दुधातले आणि वाफवलेले असते. ते पांढरेशुभ्र व हलके असते आणि मटणाच्या रश्शाबरोबरही चालते. शिरवळ्या म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा सोडे कामी येतात. सोलून वाळवलेल्या कोळंबीला सोडे म्हणतात. मूठभर सोड्यांनी भाताचे अख्खे पातेले चवदार होते.

हिवाळ्यात या भागात पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असे थर भरतात. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेलही नाममात्र. हिंदू, मुसलमान, आगरी, कोळी सगळेच पोपटी लावतात. फक्त मडक्यात काय घालायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. पुण्याचा माणूस अशा एका रात्रीसाठी आनंदाने पैसे मोजेल.

यातला कोणताही पदार्थ मुरूडच्या किंवा श्रीवर्धनच्या रस्त्यावरच्या फलकावर सहसा दिसत नाही. तेथे पंजाबी भाज्या आणि चायनीज नूडल्स आहेत. पुण्याहून जाणारे मुसलमान कुटुंब हलाल जेवण कुठे मिळेल म्हणून विचारीत फिरते, आणि दोन गल्ल्यांपलीकडे उत्तम जेवण रांधणाऱ्या माउल्या घरात बसून असतात.

खाडीपलीकडे जंजिरा

दिघीहून गाड्यांसकट खाडी ओलांडणारी बोट मिळते, तिला तेथे 'जंगल' म्हणतात. पलीकडे आगरदांडा आणि पुढे मुरूड. राजपुरी गावातून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. जंजिरा हा शब्द अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून आला. चहूबाजूंनी समुद्र, भिंतीला एकोणीस बुरूज, आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, कलाल बांगडी नावाची अजस्र तोफ आणि सुरुलखानाच्या वाड्याचे उंच अवशेष. पोर्तुगीज, इंग्रज, मराठे, कुणालाही हा किल्ला लढून घेता आला नाही. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो राखला आणि १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. जवळच कासा बेटावर शिवाजी महाराजांच्या काळात उभारलेला पद्मदुर्ग आहे. दोन्ही किल्ले एका नजरेत दिसतात.

राजपुरीपासून जवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे दगडी गुंबज आहेत. त्यांची जाळी आणि घडाई पाहावी अशी आहे, पण शंभरातले नव्वद पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. मुरूडच्या मागे फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी ही नबाबांची शिकारीची राखीव जागा होती, १९८६ साली ती अभयारण्य झाली. शेकरू तेथे दिसते. नबाबांचा राजवाडा खाजगी आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा. याच घराण्याच्या नाझली रफिया बेगम यांनी १९०८ सालच्या युरोप प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. युरोप कसा आहे हे मुरूडहून सांगितले गेले, मुरूड कसे आहे हे मात्र आम्ही अजून जगाला नीट सांगितलेले नाही.

येथे सावधगिरीचा एक शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. शहरातल्या किती घरांत त्या रात्री चूल पेटली नाही, हे आमच्या वाचकांना आठवत असेल. ओहोटी लागल्यावर पाणी माणसाला आत ओढते. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नये. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा हट्ट धरू नये.

चौल : जुना हिशेब

मुरूडहून उत्तरेला निघाले की कोर्लई लागते. १७४० साली पोर्तुगीजांचा अंमल संपला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली आजही बोलली जाते. खाडीपलीकडे रेवदंडा आणि चौल. रेवदंड्याला पोर्तुगीज कोट आहे आणि बेने इस्रायल यहुद्यांचे जुने प्रार्थनास्थळही आहे. चौलला बहामनी काळातल्या हमामखान्याचे अवशेष आहेत.

व्यापाऱ्याने येथे थांबून थोडा विचार केला पाहिजे. अरबांनी ज्याला सैमूर म्हटले ते हेच चौल. इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, येथे आला होता. त्या वेळी येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. काही येथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि मुसलमानांचा कारभार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमला होता. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि तेथून आपल्या जुन्नरला आला. त्या काळी चौलचे रेशीम विणकाम नावाजलेले होते. पुढे मुंबई वाढू लागली तेव्हा इंग्रजांनी चौलचे विणकर तिकडे नेऊन वसवले.

सांगायचा मुद्दा हा की, घाट आणि बंदर यांचा व्यापार तेव्हा दुहेरी होता. घाटावरून कापड आणि धान्य उतरत असे, बंदरावरून घोडे, खजूर, मसाले आणि मीठ वर चढत असे. बैलाची पाठ दोन्ही वेळा भरलेली असे. नाखवा, तांडेल, सारंग, खलाशी हे शब्द आपल्या भाषेत त्या दळणवळणातूनच रुजले. आज रस्ता पक्का आहे, गाडी वेगवान आहे, आणि व्यापार एकेरी झाला आहे.

फिलिपिन्सचा एक धडा

फिलिपिन्स देशात अक्लान नावाचा किनारी प्रांत आहे. बोराकाय हे जगप्रसिद्ध बेट त्याच प्रांतात येते. आम्हा कापडवाल्यांना त्या प्रांताची दुसरी ओळख अधिक मोलाची वाटते. तेथले विणकर अननसाच्या पानांतून बारीक तंतू काढतात, धाग्याला धागा हाताने गाठतात आणि हातमागावर 'पिन्या' नावाचे तलम कापड विणतात. त्या देशाचा बारोंग हा मानाचा सदरा या कापडाचा शिवतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने अक्लानच्या या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. म्हणजे बेट पाहायला आलेल्या पाहुण्याला घरी नेण्यासाठी त्याच मातीतले काही तरी मिळते.

त्याच बोराकायची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. हॉटेलांचे सांडपाणी समुद्रात सोडल्यामुळे पाणी इतके घाण झाले की, एप्रिल २०१८ पासून सहा महिने सरकारने बेट पाहुण्यांना बंद केले. हॉटेलवाल्यापासून फुले विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांची रोजी थांबली. आमच्या दिवेआगर-मुरूडने यापासून वेळीच बोध घ्यावा.

सोलापूरला गेलेला माणूस चादर घेतल्याशिवाय परत येत नाही. मुरूडहून परतणारा काय आणतो? शंख-शिंपल्यांची माळ आणि जंजिऱ्याचे नाव छापलेली टोपी. त्यातही बहुतेक माल बाहेरून आणलेला.

टेंपोचा हिशेब

आता रोकड्या व्यवहाराकडे येऊ. समजा, छोट्या टेंपोचा हडपसर-श्रीवर्धन फेरीचा सगळा खर्च, डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता धरून, १०,००० रुपये आला. गाडीत लुंग्या-चादरींचे १,००० नग आहेत. म्हणजे प्रत्येक नगावर १० रुपये वाहतूक बसली. परतीच्या वाटेवर ५,००० रुपये भाडे सोसेल एवढा माल मिळाला, तर नगावरचा भार ५ रुपयांवर आला. त्या पाच रुपयांत आम्ही गिऱ्हाइकाला माल स्वस्त देऊ शकतो, किंवा नफा वाढवू शकतो, किंवा दोन्ही थोडे थोडे. आणि आणलेल्या मालावरचा नफा निराळाच.

परतीचा माल कोणता? उन्हाळ्याच्या सुरुवातीला अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि जो वेण्या गुंफून विकला जातो. एप्रिल-मेमध्ये कोकम, सोडे आणि सुके बोंबील. हिवाळ्यात सुपारी. बाराही महिने नारळ, तांदळाचे पापड आणि विरीची ताटे. हडपसरच्या बाजारात या प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक आहे.

अडचणी नाहीत असे नाही. माल थोडा थोडा आणि विखुरलेला असतो. एका घरचे सोडे उत्तम निवडलेले, दुसऱ्या घरच्यात वाळू. सुक्या मासळीचा वास कापडाला लागतो, म्हणून बंद डबे हवेत. गावातले बुजुर्ग विचारतात, 'घरची चूल विकायची का?' त्यांचा प्रश्न आम्ही हलका मानीत नाही. परंतु चूल विकली जात नाही, हाताचा हुनर विकला जातो आणि तो मेहनतीचा, हक्काचा पैसा असतो. पाहुण्यांना घरात घ्यायचे नसेल तर डबा दारातून देता येतो, अंगणात मांडव घालता येतो.

काय करता येईल

पहिले, प्रत्येक गावात एका विश्वासू दुकानदाराला धरावे. आमचा माल त्याच्याकडे उतरतोच. त्याने आठ-दहा घरांचा माल निवडून, वजन करून ठेवावा. त्याचे कमिशन आधी ठरवावे आणि घरांना पैसे माल उचलतानाच रोख द्यावेत. कापड उधारीवर आणि सोडेही उधारीवर, असे केल्यास पहिल्याच हंगामात विश्वास जाईल.

दुसरे, ज्या घरांना जागा आहे त्यांनी राज्याच्या पर्यटन खात्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी करावी. अन्नपदार्थ विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी काढावी. दर लिहून लावावेत. पदार्थ चारच असोत, पण सांदण, घावणे, सोड्याचा पुलाव आणि तांदळाची भाकरी अशी त्यांची ठाम ओळख असावी.

तिसरे, विरीच्या ताटांचे साचे तीन-चार व्यापाऱ्यांनी मिळून भागीदारीत बसवावेत. भांडवल घाटावरचे, मेहनत आणि कच्चा माल गावचा, नफा ठरलेल्या हिश्श्याने. कागदावर लिहून, साक्षीदारांसमोर.

चौथे, आम्हा कापडवाल्यांसाठी. खोकरीच्या गुंबजांवरची जाळी आणि जंजिऱ्याचे बुरूज यांची नक्षी घेऊन सुती ओढणी, रुमाल आणि पंचे काढावेत. खाऱ्या, दमट हवेत सुती कापडच सुख देते, हे किनाऱ्यावरचे गिऱ्हाईक आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आले आहे. सोलापूर, इचलकरंजी आणि मालेगावचे माग आपल्या ओळखीचे आहेत. ठसे आणि शिवण गावातल्या मुलींकडून करून घ्यावी, म्हणजे मुरूडला विकलेल्या रुमालातले काही पैसे मुरूडला राहतील.

हे आजच करण्याचे कारण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघीचे नाव आहे. उद्या मोठ्या कंपन्या येतील, रस्ते रुंद होतील, हजारो कामगार जेवायला बसतील. त्या वेळी ताट कुणाचे, भाकरी कुणाची आणि अंगावरचे कापड कुणाचे, हे आज कोण तयारीला लागतो त्यावर ठरेल. तयारी केली नाही तर गावातल्या मुलाच्या वाट्याला फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी येईल आणि आमची गाडी तशीच रिकामी घाट चढेल.

व्यापारी बांधवांना आमची विनंती एवढीच की, पुढच्या फेरीला गाडीत दोन बंद डबे आणि एक वजनकाटा ठेवा. दुकानदाराकडून पैसे वसूल झाले की लगेच चालकाला निघायला सांगू नका. तासभर थांबा, मोहल्ल्यात विचारा, आणि कमीत कमी दहा किलो माल विकत घेऊनच घाट चढा.